पुस्तक मूल निवडणार, तुम्ही फक्त पिशवी धरा

ग्रंथालयाचा बालविभाग, पुस्तक प्रदर्शन, नाहीतर शेजारच्यांचं कपाट, काहीही चालेल. मुलाच्या हाताला येतील अशी वीस-पंचवीस पुस्तकं हवीत आणि अर्धा तास मोकळा हवा. अवघड टप्पा पुढे येतो: मूल एक पुस्तक उचलतं आणि ते तुम्हाला अजिबात आवडत नाही.

इथे मी स्वतः सपशेल आपटले आहे. मुलगा सात वर्षांचा असताना एकाच पुस्तकाला धरून बसायचा. रेल्वे इंजिनांचं, चोवीस पानांचं, मजकूर कमी आणि चित्रंच जास्त. चौथ्यांदा त्याने तेच काढलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, झालंय ना हे वाचून? हे बघ, किती छान आहे!" आणि एका थोर पुरुषाचं चरित्र त्याच्या हातात कोंबलं. ते चरित्र तीन आठवडे डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होतं. पुढच्या शनिवारी ग्रंथालयात चल म्हटलं, तर साहेबांचं पोट दुखायला लागलं. त्याला परत तिकडे वळवायला चार महिने लागले, आणि वळवलं ते त्या इंजिनांनीच.

तेव्हा मूल कपाटापाशी असताना तोंड बंद. "हे तुझ्यासाठी फार लहान आहे", "यातून काय ज्ञान मिळणार?" हे वर्ज्य. भुवईसुद्धा उंचवायची नाही. मुलांना भुवया जोडाक्षरांच्या आधीपासून वाचता येतात. भुताच्या गोष्टी, विनोदांचं चोपडं, सातव्यांदा तेच पुस्तक, सगळं घेऊ द्या.

पाच बोटांची युक्ती सगळे सांगतात: मधलं पान उघडायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं, मूठ झाली की पुस्तक जड. युक्ती बरी आहे, पण ती मुलाने स्वतःपुरती वापरायची, तुम्ही परीक्षा घ्यायची नाही. मूठ मिटूनही तेच हवं असेल, तर घरी तुम्ही वाचून दाखवा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गोम वेगळी. दहा वर्षांच्या मुलीला मराठी जोडाक्षरं अडतात, आणि तिला झेपेल त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'वयोगट ५ ते ७' छापलेलं असतं. मैत्रिणींसमोर ती ते कशाला उचलेल? मी त्या वयावर सरळ रंगीत चिकटपट्टी लावते. (घरच्या पुस्तकांवर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लावाल तर बोलणी खाल.)

लांबलचक गोष्टीला बिचकणाऱ्यांसाठी 'किशोर'. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते, जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि अंक कुठूनही उघडला तरी चालतो. सुट्टीत महाबळेश्वरकडे जाणार असाल, तर पाचगणीजवळच्या भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरात बसून वाचता येतं. पोर आधी स्ट्रॉबेरीकडे पळेल. पळू द्या.

पुस्तक अर्धवट सोडलं तर मुकाट्याने परत करा. "काय शिकलास?" नको. फार तर "कुठे सोडलंस?" एवढं विचारा. मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "मांजर हरवलं तिथे. ते सापडणार हे मला कळलं होतं."