वाफे करण्याआधी मांजराची सोय

भात कापून झालं की आमच्या शिरोड्याकडे परसात भाजीचे वाफे पडतात. लाल माठ, मुळा, मिरची, वाली. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हौसेने एक वाफा केला. ढेकळं फोडली, शेणखत घातलं, चुलीची राख मिसळून माती रव्यासारखी मऊ केली आणि माठाचं बी फेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमची मांजर भुरी वाफ्याच्या मधोमध बसलेली. कान मागे, नजर कुठेतरी लांब माडांकडे. उठली, पंजाने चार वेळा माती ओढली आणि निघून गेली. आठवड्याने माठ उगवला तो एका कोपऱ्यात बुचका होऊन, बाकीच्या वाफ्याला टक्कल. सासूबाई हसत म्हणाल्या, ‘‘अगो, मांजराक नाय म्हटलंस काय ता थंयच बसतलां.’’

खरंच आहे. मांजराला तुमची भाजी नको असते. त्याला कोरडी, भुसभुशीत, उकरता येणारी माती हवी असते, आणि आपण घाम गाळून नेमकी तीच तयार करून ठेवतो. म्हणून माझ्याकडे वाफ्याच्या आधी पेटी भरली जाते.

आंब्याची जुनी लाकडी पेटी घ्या. तळाला प्लॅस्टिकचा कागद घाला आणि वर चांगली हातभर नाही, पण चार-पाच बोटं पुळण. किनाऱ्यावरची वाळू खारट असते, ती बादलीत दोन-तीनदा धुऊन वाळवायची. पेटी पडवीच्या कोपऱ्यात, छपराखाली ठेवायची. आमच्याकडे मृग लागला की दिवसेंदिवस उघडत नाही, आणि भिजत अंगणात जाईल ते मांजर कसलं? पावसाळ्यात कोरडी जागा मिळाली नाही तर ते लाकडांच्या खोपीत किंवा तांदळाच्या कणगीमागे जातं, मग वास काढत बसा. दोन मांजरं असतील तर पेट्या तीन. जास्त वाटतात, पण एका पेटीवरून त्यांच्यात जी भांडणं होतात ती मी पाहिली आहेत.

पेटी रोज साफ करायची, उद्यावर टाकायची नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बाधा होऊ शकते, पण त्याची अंडी बाहेर पडल्यावर बाधा करण्याजोगी व्हायला निदान एक दिवस जातो. रोजच्या सफाईचा फायदा तो हाच. काढलेलं विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा, भाजीच्या खतात घालू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम दुसऱ्याकडे द्यावं, आणि मातीत हात घालताना हातमोजे घालावेत.

आता वाफा. मोडक्या खराट्याचे हीर फेकू नका. बी पेरून पाणी शिंपलं की ते चार-चार बोटांवर उभे खोचायचे. मांजराला वळून बसायला जागाच उरत नाही. रोपं वीतभर झाली की हीर काढून पुढच्या वाफ्यात. मिरचीसारख्या लांब अंतरावरच्या रोपांमध्ये नारळाची सोडणं पालथी मांडते, त्यांनी ओलावाही टिकतो. मिरचीपूड, नॅप्थलीनच्या गोळ्या असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. पूड डोळ्यांत आणि पंजांना लागते, आणि नॅप्थलीन मांजराला विषारी आहे.

विषाचं बोलायचं तर झाडांपेक्षा मला माणसांची जास्त भीती वाटते. कण्हेर, बिट्टी, पावसात कुंपणावर फुलणारी कळलावी, कुंडीतलं सायकस, ही सगळी विषारी. पण परसात वाढलेलं मोठं मांजर सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. घरात कोंडलेली पिल्लं मात्र कंटाळून काहीही चावतात. बुकेतली मोठी लिली तर घरात आणूच नका. तिचे परागकण अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आमच्या भुरीला बाधलं ते उंदराचं औषध. वाडीत कुणीतरी माडावरच्या उंदरांसाठी ठेवलेलं. तिने मेलेला नव्हे, झिंगलेला उंदीर आयता पकडला असणार. तीन-चार दिवसांनी ती गप्प झाली. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. हे औषध रक्त गोठू देत नाही. डॉक्टरांनी ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि पुढे काही आठवडे गोळ्या. वाचली. पण प्रत्येक औषधाला असा उतारा नसतो, झिंक फॉस्फाईडला तर नाहीच. तेव्हापासून आमच्या माडांना पुरुषभर उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा आहे. उंदीर त्यावरून घसरतो. शेजारच्या माडाच्या झावळ्या टेकत असतील तर मात्र उपयोग नाही, तो वरच्यावर येतो.

मोहोरावर तुडतुड्यांची फवारणी असेल त्या दिवशी मांजर घरात कोंडा, पान सुकेपर्यंत. अंगावर उडालेलं ते चाटून पोटात घेतं. कुत्र्याची गोचिडांची औषधंही मांजराला लावायची नाहीत. त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात.

चिऱ्यांचे ढीग आणि पातेरा घरापासून लांब ठेवा. त्यात फुरसं बसतं, आणि मांजर खेळायला जातं. नसबंदीचं थोडक्यात सांगते. दोन महिन्यांत भाटी विते आणि पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टरांकडे न्या.

राहिला चिकू. भुरीचा मुलगा, आमचा बोका, कोवळ्या कलमाच्या खोडावर नखं घासून साल सोलायचा. कलमाला मी गोणपाट गुंडाळलं आणि शेजारी पडलेल्या माडाचा कंबरभर ओंडका पुरला. तो त्याच्याकडे बघेना. मग एकदा वाफ्यातलं तण काढताना खोकली उपटली आणि हा धावत आला. मुळीवर गाल घासतो काय, उताणा पडून लोळतो काय, तोंडातून लाळ! खोकलीच्या मुळीचा मांजरांना असा नाद असतो. मी ती मुळी ठेचून ओंडक्याला वरपासून खालपर्यंत चोळली. संध्याकाळपर्यंत ओंडक्याच्या काथ्या निघाल्या होत्या. आता तण काढताना खोकलीची दोन रोपं मी मुद्दाम ठेवते.