मीटर मुका झाला? स्वस्त उपकरणांसाठी ५जी नेटवर्क आखताना या चुका टाळा

पाण्याचा स्मार्ट मीटर लोखंडी झाकणाखाली, ओल्या खड्ड्यात बसतो. आतलं मॉड्यूल स्वस्त, बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची. तो गप्प झाला की सगळे मीटरला दोष देतात. मी आधी नेटवर्कचं सेटिंग बघतो, कारण उपकरणातून वाचवलेला खर्च नेटवर्कच्या आखणीनं भरून काढायचा असतो आणि नेमकं तेच राहून जातं.

सर्वांत फसवी चूक झोपेची. एका चाचणीत एनबी-आयओटी (थोडा डेटा, कमी वीज लागणाऱ्या उपकरणांचं मोबाइल तंत्रज्ञान) मॉड्यूलला करंट मीटर लावला होता. पीएसएम, म्हणजे बॅटरी वाचवणारी गाढ झोप, चालू केलेलं, तरी करंट काही मायक्रोअँपिअरवर उतरेना. शेवटी अटॅचचे, म्हणजे नेटवर्कशी जोडणीचे, मेसेज उघडले. मॉड्यूलनं टी३३२४ टायमर (झोपण्याआधी किती वेळ जागं राहायचं ते ठरवणारा) मागितला होता, नेटवर्कच्या उत्तरात तो नव्हताच. उपकरण फक्त मागणी करतं, मंजुरी नेटवर्क देतं. उत्तरात टी३३२४ नसेल तर पीएसएम लागूच होत नाही. म्हणून मॉड्यूलमध्ये काय भरलंय ते बघून थांबू नका, नेटवर्कचं उत्तर, म्हणजे अटॅच अ‍ॅक्सेप्ट, वाचा.

कव्हरेज वाढवायचं म्हणून सरसकट रिपीटिशन (तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवणं) वाढवणं ही दुसरी चूक. एनबी-आयओटीत एकच मजकूर अपलिंकला (उपकरणाकडून टॉवरकडे) १२८ वेळा, डाउनलिंकला (टॉवरकडून उपकरणाकडे) २०४८ वेळापर्यंत पाठवता येतो. ही सोय तळघरातल्या मीटरसाठी आहे. सिग्नलचे उंबरठे चुकले की गच्चीवरचा मीटरही तीच री ओढत बसतो; त्याची बॅटरी जाते आणि सेलची जागाही अडते.

रेडकॅप, म्हणजे साध्या, स्वस्त उपकरणांसाठीचं ५जी (५जी मानकांचं रिलीज १७, २०२२), आणताना नवा टॉवर उभारावा लागत नाही, पण फक्त सॉफ्टवेअर टाकूनही भागत नाही. ही उपकरणं मिड-बँडमध्ये २० मेगाहर्ट्‌झपर्यंतच ऐकतात. सुरुवातीचा बँडविड्थ पार्ट (उपकरण सुरुवातीला वापरतं तो वाहिनीचा तुकडा) त्याहून रुंद असेल तर त्यांच्यासाठी वेगळा द्या. शिवाय एसआयबी१ मध्ये, म्हणजे सेल सगळ्यांना प्रसारित करतो त्या मूलभूत माहितीत, रेडकॅपसाठीचं इंट्रा-फ्रीक्वेन्सी रिसिलेक्शनचं (त्याच फ्रीक्वेन्सीवरचा दुसरा सेल निवडण्याबाबतचं) फील्ड नसेल, तर उपकरण त्या सेलला बंद समजतं. सिग्नल भरपूर, नोंदणी शून्य, असं दिसलं की पहिल्यांदा हेच तपासा. उपकरणात एकच अँटेना असेल तर त्यामुळे घटणारं डाउनलिंकही हिशोबात धरा.

आणि वेळ! सगळ्या मीटरांनी रात्री बाराच्या ठोक्याला आकडे पाठवले की रँडम अ‍ॅक्सेसवर, म्हणजे नेटवर्कचं दार ठोठावायच्या सामायिक वाहिनीवर, झुंबड उडते. वीज जाऊन परत येते तेव्हा विजेच्या मीटरांचंही तेच. प्रत्येकाला वेगळी, यादृच्छिक उशिराची वेळ द्या, बॅकऑफ (पुन्हा प्रयत्न करण्याआधीची थांबण्याची वेळ) मोठा ठेवा आणि स्वीकृतीच्या चाचणीत शेकडो उपकरणांची वीज एकदम घालवून ती परत जोडली जातात का, ते बघा.