रिम वाढवण्याआधी रबर मोजा

पिकअपला वीस इंची रिम लावल्या त्या संध्याकाळी मी गाडीभोवती उगाच चार फेऱ्या मारल्या. दिसायला झकासच होत्या. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून आई म्हणाली, "रस्ता रोजचाच ना रे? मग आज एवढे हादरे का बसतायत?" सस्पेन्शनला मी हातही लावला नव्हता. फरक एकच होता, रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर चार सेंटीमीटरने कमी झालं होतं.

हे सगळं टायरवर लिहिलेलंच असतं, वाचायची आपल्याला सवय नसते. माझ्या गाडीचे मूळ टायर २६५/६५ आर १७. त्यातले २६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचे ६५ मात्र मिलिमीटर नव्हेत. रुंदीच्या ६५ टक्के एवढी साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. म्हणजे १७२ मिमी. 'आर' रेडियलचा, म्हणजे टायरच्या बांधणीचा प्रकार, आणि १७ हा रिमचा व्यास, इंचात. आता १७ इंचांचे झाले ४३२ मिमी, त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळवा, चाकाचा पूर्ण व्यास येतो ७७६.

मी घेतले २६५/५० आर २०. हिशेब करून बघा: व्यास ७७३, म्हणजे चाक बाहेरून जवळपास तेवढंच. स्पीडोमीटर बरोबर, जमिनीपासूनची उंची तीच. पण साइडवॉल १७२ वरून १३२ वर आली. खड्ड्याचा पहिला दणका स्प्रिंगच्या आधी टायर झेलतो, आणि झेलायला त्याला दबावं लागतं. दबायला जागाच ठेवली नाही तर तो दणका थेट सीटपर्यंत येतो. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक खड्ड्यातून वर आल्यावर लवकर स्थिरावत नाही. डांबरी रस्त्यावर वळण घेताना गाडी जरा नेमकी वाटते, हे मान्य. पण पिकअप काय वळणं घ्यायला घेतली होती?

दगडांच्या वाटेवर तिसऱ्याच खेपेला 'टण्' असा आवाज आला. मुठीएवढा दगड, वेग बैलगाडीचा. रिमची आतली कड बोटभर आत वळली होती आणि हवा सुसू करत निघून जात होती. सतरा इंची चाकं परत चढली.

मग दुसरी खाज सुटली, उंच टायरची. २८५/७० आर १७: व्यास ८३१ मिमी. मूळ चाकापेक्षा ५५ ने जास्त, पण ॲक्सलखाली (चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली) त्यातला निम्माच मिळतो, २७ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतो. तरी मागचा ॲक्सल सरळसोट, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड, असेल तर त्याच्या मधला डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून उचलायचा हाच एक साधा मार्ग. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, तो गोळा तिथेच लोंबत राहतो. खडकांवर हे २७ मिमी मला खरंच उपयोगी पडले.

त्याची किंमतही मोजावी लागते. चाक सात टक्क्यांनी मोठं, म्हणून काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळत असते. गिअरही तेवढेच लांब होतात, चढावर एक गिअर खाली यावं लागतं. ब्रेकला जास्त जोर लागतो. आणि चाक घासतं. मी सपाट जागेवर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं आणि खूश झालो. पहिल्याच घळीत रिव्हर्स घेताना 'खर्रर्र' झालं आणि आतलं प्लॅस्टिक सोलून निघालं. तपासायची रीत अशी: पुढचं एक चाक उंच दगडावर चढवा, म्हणजे स्प्रिंग दबेल. घासेल अशी शंका येते तिथे मळलेली ओली माती चिकटवा. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू पुढे आणि मागे घ्या. मातीवर ठसा उमटला की समजा, हा टायर नको.

आकारापुढे ११२ असा एक आकडा असतो, तो भाराचा: एका टायरवर १,१२० किलो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो असेल त्याच्या खाली जाऊ नका. एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे, टायर जास्त भार आणि दगड सोसतात, पण रिकामी पिकअप त्यांच्यावर टणाटणा उडते.

पण नवीन टायरवर खर्च करण्याआधी आहे त्या टायरमधली हवा सोडून बघा. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर खडकाळ वाटेवर २०, वाळूत १५. टायर जमिनीवर पसरतो, तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त. दगडाभोवती वळतो, वाळूवर तरंगतो. माझी गाडी वाळूत फसली तेव्हा मी तासभर फावडं मारत होतो. शेवटी हवा सोडली आणि ती आपसूक निघाली. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असेपर्यंत वेग सायकलएवढाच ठेवा, आणि कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नका. वीस इंची रिमवर हा उपाय जेमतेमच चालतो, कारण हवा सोडली की कड लगेच दगडाला भिडते.

आकार बदलाल तर स्टेपनीही त्याच आकाराची घ्या. फोर-व्हील लावून एक चाक लहान ठेवलंत तर पीळ गिअरपेटीला बसतो.

नवी चाकं बसवल्यावर १०० किमीच्या आत नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. माझे दोन नट पाव फेरी फिरले होते.