स्पोर्ट्स कारला ९१, ९५ का १०० ऑक्टेन? सातारा-सांगलीच्या घाटात आणि उन्हात पेट्रोल कसं निवडायचं

पंपावर गाडी लावली की पहिला प्रश्न ठरलेला, "साधं टाकू का पॉवर?" साध्या गाडीला कुठलंही उत्तर दिलं तरी चालून जातं, पण तुमच्याकडे पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस, बीएमडब्ल्यू एम३४०आय असलं काही असेल, किंवा नशीब जोरात असेल आणि पोर्शे ९११ असेल, तर हा प्रश्न नीट समजून घ्या कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक जण पन्नास-साठ लाखाच्या गाडीत लिटरमागे चार पैसे वाचवतो आणि दुसरा स्विफ्टमध्ये १०० ऑक्टेन टाकून पिकअप वाढला म्हणून सांगत फिरतो.

सगळ्यात आधी टाकीचं बाहेरचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूचं स्टिकर वाचा. खरंच जाऊन वाचा, बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून ते बघितलेलं नसतं. तिथे रॉन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) आणि पुढे आकडा असतो, ९१, ९५ नाहीतर ९८. काही गाड्यांवर दोन आकडे असतात, एक शिफारस केलेला आणि एक कमीत कमी. पोर्शेचं बघा, त्यांच्या बऱ्याच इंजिनांना ९८ सांगितलेलं असतं आणि ९५ वर पण चालतं, फक्त इंजिन स्वतःचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पाडायची वेळ, थोडं मागे घेतं. म्हणजे कमीत कमीच्या खाली कधीच जायचं नाही, आणि शिफारशीचा आकडा मिळत असेल तर तो टाकायचा. स्टिकर उडालं असेल तर मॅन्युअलमध्ये इंधनाचं पान काढा.

इथे एक मोठा घोटाळा होतो तो म्हणजे अमेरिकन व्हिडिओ. तिकडचा माणूस म्हणतो मी ९१ टाकतो, आणि आपला पोरगा खूश होतो की आपल्याकडे पण ९१ मिळतं. तसं नाहीये. अमेरिकेत पंपावरचा आकडा म्हणजे रॉन आणि मॉन या दोन वेगवेगळ्या टेस्टची सरासरी असते, आणि मॉनची टेस्ट कडक असल्याने तो आकडा रॉनपेक्षा कमी येतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या आसपास, आणि त्यांचं साधं ८७ म्हणजे आपलं ९१-९२. त्यामुळे परदेशातून मागवलेल्या पार्टच्या किंवा ट्यूनच्या कागदावर आकडा दिसला की आधी बघायचं तो कुठल्या पद्धतीचा आहे.

आता ऑक्टेन म्हणजे नेमकं काय, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आणि उष्णतेत स्वतःहून पेटायला किती वेळ नकार देतं ते. सिलिंडरमध्ये स्पार्क पडतो, ज्योत प्लगपासून पसरायला लागते, आणि ती पोचायच्या आधीच कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने तापून एकदम पेटलं की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो. तेच नॉकिंग. बाहेर ऐकू येतं ते खडखड किंवा टिकटिक, चढाला ॲक्सिलरेटर दाबला की हमखास. टर्बोवाल्या इंजिनात हवा आधीच दाबून आत ढकललेली असते, वर कॉम्प्रेशन पण बऱ्यापैकी, म्हणून त्यांना जास्त ऑक्टेन लागतं. स्पोर्ट्स कारला महागडं पेट्रोल लागतं यामागे रुबाब वगैरे काही नाही, फक्त हे कारण आहे.

नव्या गाड्यांत ब्लॉकला नॉक सेन्सर असतो, तो कंप ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लगेच स्पार्क उशिरा पाडतो. इंजिन वाचतं. पण उशिरा स्पार्क म्हणजे ताकद कमी, एक्झॉस्टला उष्णता जास्त आणि ॲव्हरेज पण खाली. म्हणजे कमी ऑक्टेन टाकून जे पैसे वाचवले त्यातले थोडे इथून जातात, आणि ज्या पिकअपसाठी ती गाडी घेतली तोच जातो. उलट बाजूने, ज्या इंजिनाला ९१ पुरतं आणि ते नॉकच करत नाही त्यात १०० टाकल्याने ईसीयूला वेगळं करण्यासारखं फारसं काही नसतं. स्विफ्टवाल्यांनी मनाला लावून घेऊ नका पण ते पैसे चांगल्या टायरला घाला.

आता आपल्याकडची परिस्थिती. साधं पेट्रोल बीएस-६ मध्ये ९१ रॉनचं होतं. ई२० आल्यावर म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यावर साध्याचा रॉन ९५ पर्यंत गेला असं सरकारने २०२५ मध्ये सांगितलं, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या वर आहे. हे इथेनॉल म्हणजे परकं काही नाही, आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचं, आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघालेलं. ऑक्टेनच्या बाबतीत इथेनॉल चांगलंच आहे, ते बाष्प होताना सिलिंडर गार पण करतं. पण एका लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, आणि ई१० साठी, म्हणजे १० टक्के इथेनॉलसाठी, बनलेल्या जुन्या गाडीत रबराचे होस, सील यांचा प्रश्न येतो. म्हणून झाकणावर रॉनच्या शेजारी ई१० लिहिलंय का ई२० ते पण बघा, स्पोर्ट्स कारमध्ये हे दोन्ही आकडे सारखेच महत्त्वाचे आहेत.

प्रीमियममध्ये इंडियन ऑइलचं एक्सपी९५, एचपीचं पॉवर९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, आणि १०० मध्ये इंडियन ऑइलचं एक्सपी१००. यात एक गोष्ट पक्की धरा, नावावर जायचं नाही, आकड्यावर जायचं. नुसतं स्पीड, नुसतं पॉवर म्हटलं तर त्यात इंजिन साफ ठेवणारी ॲडिटिव्ह आहेत एवढंच कळतं, ऑक्टेन कळत नाही. पंपावर "पॉवर आहे का" विचारू नका, "किती ऑक्टेनचं आहे" विचारा आणि मशिनवर लिहिलेलं बघा. आणि ॲडिटिव्हबद्दल पण, ज्या टर्बो इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं तिथे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याच पेट्रोलने धुतला जात नाही. इंजेक्टर मात्र स्वच्छ राहतात.

मग साधंच ९५ झालं असेल तर प्रीमियम ९५ ला जास्त पैसे कशाला? माझं मत विचाराल तर झाकणावर ९५ लिहिलेल्या टर्बो गाडीत मी तरी लिहिलेल्या आकड्याचंच पेट्रोल टाकीन, थोडक्या रुपयांचा फरक आहे, ॲडिटिव्ह मिळतात आणि आकडा मशिनवर छापलेला असतो. ९१ लिहिलेल्या गाडीला साधं बिनधास्त. ९८ लिहिलेल्या गाडीला ९७ किंवा १००, आणि इथेच आपली अडचण सुरू होते.

एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या टप्प्यात दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं, सातारा-सांगली नव्हतं. तालुक्याच्या गावी प्रीमियम ९५ मिळालं तरी नशीब अशी वेळ येते. पण मिसळून काम भागतं, पेट्रोलचा ऑक्टेन मिसळल्यावर साधारण सरासरीने येतो. समजा टाकी ४५ लिटरची, त्यात ९५ चं १५ लिटर शिल्लक आहे, पुण्यात वर ३० लिटर १०० टाकलं, तर झालं ९८ च्या थोडं वर. पुण्याहून साताऱ्याला येईपर्यंत दहाएक लिटर जाईल, उरलेलं तुमच्या महाबळेश्वरच्या फेरीला राहील, खाली आल्यावर रोजच्या फिरण्याला ९५ टाका. १०० चा भाव साध्याच्या दीडपटीच्या आसपास जातो म्हणून ते जिथे कामाचं आहे तिथेच वापरायचं.

आणि कामाचं कुठे आहे, तर घाटात आणि उन्हात. मे महिन्यात सांगली-मिरजेत दुपारी पारा चाळिशीच्या वर, एसी चालू, गाडीत चार माणसं, त्यात सिग्नलला उभं राहून इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग, तापलेला. आत जाणारी हवा जेवढी गरम तेवढं नॉकिंग जवळ. डिसेंबरात पहाटे जी गाडी ९५ वर मस्त पळते तीच मे मध्ये मऊ वाटते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. घाटाचं अजून वेगळं. पसरणी घाट धरा, वाई ७०० मीटरच्या आसपास आणि पाचगणी १३०० च्या आसपास, सगळा सलग चढ. उंचीवर हवा विरळ म्हणून बिनटर्बोच्या इंजिनाला वर गेल्यावर खरं तर कमी ऑक्टेन पुरतं. पण टर्बो ती कसर हवा जास्त दाबून भरून काढतो, त्यामुळे टर्बोवाल्याने उंचीच्या भरवशावर राहू नये.

घाटात पेट्रोलाइतकाच गिअर महत्त्वाचा. सगळ्यात वाईट म्हणजे चौथ्या गिअरमध्ये १४००-१५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबून गाडी ओढत नेणं, टर्बोवाल्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात यानेच स्पार्कच्या आधीच पेटण्याचा प्रकार होतो आणि तो साध्या नॉकिंगपेक्षा लय वाईट, पिस्टन फुटेपर्यंत जाऊ शकतं. त्यावर नुसतं ऑक्टेन हे औषध नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेलं असेल तर उत्तम, आणि गिअर खाली. ऑटोमॅटिक असेल तर पसरणी, केळघर, कुंभार्ली असल्या चढाला सरळ एस (स्पोर्ट) मोड टाका.

स्टेज १ केलेल्या, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेल्या, गाड्यांचं थोडं सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे पोलो आणि व्हर्टसमध्ये हे भरपूर चालतं. असा रिमॅप करताना फाइल, म्हणजे तो नवा प्रोग्रॅम, कुठल्या ऑक्टेनसाठी लिहिली ते ट्यूनरकडून लेखी घ्या, आणि ती ई२० वर तपासलीय का ते पण विचारा. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, म्हणजे इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं आणि बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवलेल्या गाडीत इंधनाचा पंप, इंजेक्टर आधीच काठावर असतात. फाइल ९७ ची आणि टाकीत हाताला लागेल ते पेट्रोल, असं करून कंपनीने ठेवलेली सगळी राखीव जागा आपणच खाऊन टाकतो. गावात ९५ च्या वर मिळत नसेल तर फाइल पण ९५ चीच करून घ्या, पाच-दहा पीएस कमी मिळतील पण मे महिन्यात खंबाटकी चढताना काळजी नाही.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर १० पॉइंट वाढतो असं लिहिलेलं असलं तर तो १० नाही, १ असतो, कारण एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. काहींत मँगनीजचं रसायन असतं, त्याने प्लगवर तांबूस थर बसतो. मी नाही सुचवणार.

आपल्या गाडीला फरक पडतो का नाही हे स्वतः तपासायचं असेल तर सोपं आहे. ब्लूटूथचं ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारं यंत्र, घ्या, फोनवर ॲप लावा, त्यात इग्निशन टायमिंग आणि इनटेक हवेचं तापमान लावून ठेवा. टाकी जवळपास रिकामी करून एक पेट्रोल भरा, शे-दीडशे किलोमीटर चालवा म्हणजे ईसीयू जुळवून घेईल, मग एकच चढ, तोच गिअर, तीच वेळ, आणि टायमिंग नोंदवा. पुढच्या टाकीला दुसरं पेट्रोल भरून परत तसंच करा. फोन शेजारच्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही. वरच्या ऑक्टेनला टायमिंग दोन-चार अंश पुढे राहत असेल तर तुमच्या इंजिनाला ते पेट्रोल उपयोगी पडतंय. काहीच फरक नसेल तर खालच्यावर राहा, पैसे वाचवा.

पंप निवडताना जिथे प्रीमियमला गिऱ्हाईक आहे तिथेच घ्या, महिनोन्‌महिने पडून राहिलेला माल नको. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा, थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहायला नको, पेपर पंपावर ठेवावाच लागतो आणि द्यावाच लागतो. डेन्सिटी पण लिहिलेली असते, १५ अंशाला ७२० ते ७७५ च्या मधली पाहिजे.

चुकून कमी ऑक्टेन पडलंच तर घाबरून टाकी उपसायची गरज नाही. पाय हलका ठेवा, घाट आणि जोरात ओव्हरटेक टाळा, आणि जागा झाली की वर चांगलं पेट्रोल भरा.

शेवटचं पावसाचं, आणि हे सांगलीकरांनी जास्त लक्षात ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि वर उरतं ते इथेनॉल गेलेलं, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात कुठपर्यंत आलं ते सगळ्यांनी बघितलंय, असा पूर येऊन गेला की पुढचे काही दिवस नदीकडच्या पंपावर टाकीत पाणी शिरलंय का याची तपासणी झालीय का ते आधी विचारा, मगच भरा. आणि स्पोर्ट्स कार जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर या वेळेला तेच भरा, आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा गाडी बाहेर काढून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून आणा.