एक यंत्र, अनेक वापरकर्ते: टर्मिनल आणि नेमस्पेस कसे ओळखावेत व कसे वेगळे करावेत

एकाच लिनक्स यंत्रावर पाचसहा जण एकाच वेळी काम करत असतील, तर कोण कोणत्या टर्मिनलवर आहे, कोणाची प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) कोणाला दिसते आणि एकाची तात्पुरती फाइल दुसऱ्याच्या वाटेत का येते, हे प्रश्न आज ना उद्या येतातच. ते सोडवताना एक गोष्ट पक्की धरावी: फाइलचा मार्ग, प्रोसेसचा क्रमांक, वापरकर्त्याचा क्रमांक ही सगळी नावेच आहेत, आणि ते नाव कोणती प्रोसेस वाचते आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.

सुरुवात 'आयडी' या आज्ञेने करावी. ती आपले नाव दाखवते, पण कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, त्या नावाशी काही देणेघेणे नसते. त्याला फक्त क्रमांक कळतो. क्रमांक आणि नाव यांची सांगड '/ईटीसी/पासवर्ड' (रोमनमध्ये शेवटचा शब्द passwd) या फाइलमध्ये असते, जिथे प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने वेगळे केलेले सात रकाने असतात. 0 हा क्रमांक रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, आणि बहुतेक वितरणांत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक 1000 पासून सुरू होतात. यातून एक अडचण उद्भवते: एखादे खाते काढून टाकले आणि त्याचा क्रमांक पुढे नव्या खात्याला मिळाला, तर जुन्या माणसाच्या मागे राहिलेल्या फाइली आपोआप नव्या माणसाच्या होतात. म्हणून खाते काढण्यापूर्वी 'फाइंड' आज्ञेला '-यूआयडी' हा पर्याय देऊन त्या क्रमांकाच्या सगळ्या फाइली शोधाव्यात आणि त्यांची विल्हेवाट लावावी.

आता टर्मिनल. 'टीटीवाय' ही आज्ञा दिली की '/डेव्ह/पीटीएस/3' असे काहीतरी उत्तर येते. हे नाव टेलिटाइप या छापणाऱ्या यंत्रावरून आले. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले, त्या काळात संगणकाशी बोलायचे ते अशाच यंत्रावरून. आज ते यंत्र नाही, पण त्याचे सोंग आहे: खिडकीतला टर्मिनल प्रोग्रॅम किंवा एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) एका टोकाला आणि शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या टोकाला, अशी एक जोडी कर्नल तयार करतो आणि दुसऱ्या टोकाला '/डेव्ह/पीटीएस' मध्ये क्रमांक देतो. या दोन टोकांच्या मधला थर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅम थांबतो तो शेलमुळे नव्हे; मधला थर ती कळ ओळखतो आणि टर्मिनलवर पुढे असलेल्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला 2 क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. 'एसटीटीवाय -ए' दिल्यास या थराच्या सगळ्या सवयी दिसतात. चुकून एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली गेली आणि अक्षरांचा विचका झाला, तर घाबरून खिडकी बंद करू नये. दिसत नसले तरी 'रीसेट' टाइप करून एंटर दाबावे.

दुसऱ्यांची टर्मिनले पाहण्यासाठी 'डब्ल्यू' ही एकाक्षरी आज्ञा पुरेशी आहे: कोण, कुठून, कोणत्या टर्मिनलवर, किती वेळ निष्क्रिय, सगळे एका ओळीत. मग 'पीएस -टी पीटीएस/3' दिले की त्या टर्मिनलला बांधलेल्या प्रोसेस दिसतात. टर्मिनल ही फाइलच असल्यामुळे तिलाही मालक आणि परवानग्या असतात. साधारणपणे मालक आपण, गट 'टीटीवाय' आणि परवानगी 620. त्यामुळे 'राइट' किंवा 'वॉल' वापरून इतरांना आपल्या पडद्यावर निरोप पाठवता येतो. ते नको असल्यास 'मेसेज' या शब्दाचे आखूड रूप असलेल्या 'मेसग' या आज्ञेला 'एन' जोडावा. गटाची लिहिण्याची परवानगी निघून जाते. जोडणी तुटली की शेलला 1 क्रमांकाचा हँगअप सिग्नल जातो आणि तो आपल्या कामांनाही तो कळवतो. रात्रभर चालणारे काम म्हणूनच टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी शेल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरू करावे.

इथवर सर्वांना एकच यंत्र दिसते आहे. नेमस्पेस हे बदलतो: कर्नल एकच राहतो, पण प्रोसेसच्या एका गटाला मार्गांची, क्रमांकांची किंवा नेटवर्कची वेगळी यादी मिळते. लिनक्समध्ये माउंट नेमस्पेस (मार्गांची यादी वेगळी करणारा) 2002 मध्ये आवृत्ती 2.4.19 मध्ये आला, आणि 2020 मधल्या 5.6 या आवृत्तीत टाइम नेमस्पेस येईपर्यंत एकूण आठ प्रकार झाले. कंटेनर म्हणून जे ओळखले जाते ते मुख्यतः यांचेच मिश्रण असते. एखादी प्रोसेस कोणत्या नेमस्पेसमध्ये आहे ते '/प्रॉक/' खाली तिच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतील 'एनएस' मधल्या दुव्यांवरून कळते. दोन प्रोसेसच्या दुव्यांतील क्रमांक सारखे असतील तर त्या एकाच नेमस्पेसमध्ये आहेत.

हे हाताने करून पाहावे. साध्या वापरकर्त्याच्या शेलमध्ये 'अनशेअर' ला पाच गोष्टी द्याव्यात: '--युजर', '--मॅप-रूट-युजर', '--पीआयडी', '--फोर्क' आणि '--माउंट-प्रॉक', शेवटी 'बॅश'. काही वितरणे साध्या वापरकर्त्याला युजर नेमस्पेस करू देत नाहीत. तिथे पहिले दोन पर्याय गाळून सुडो (आज्ञा रूट म्हणून चालवणारी आज्ञा) वापरावे, मात्र मग पुढचा मालकीचा भाग दिसणार नाही. नव्या शेलमध्ये 'पीएस ऑक्स' दिल्यास यंत्रावर जणू दोनच प्रोसेस आहेत: 1 क्रमांकाचा बॅश आणि स्वतः 'पीएस'. 'आयडी' म्हणते की आपण रूट आहोत. पण होम डिरेक्टरीत एक फाइल तयार करून दुसऱ्या टर्मिनलवरून पाहावी: मालक आपणच, रूट नव्हे. कारण '/प्रॉक/सेल्फ/यूआयडी_मॅप' मध्ये '0 1000 1' अशी ओळ असते, म्हणजे आतला 0 हा बाहेरचा 1000, आणि अशी जुळणी एकाच क्रमांकाची. बाहेरून त्याच बॅशची 'स्टेटस' फाइल उघडली तर 'एनएसपीआयडी' या ओळीत त्याचे बाहेरचे आणि आतले असे दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी दिसतात.

यात '--फोर्क' विसरला की मेमरी मिळत नसल्याचा संदेश येतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी बराच वेळ खरोखरच मेमरी तपासत बसलो होतो. प्रत्यक्षात नव्या नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस 1 क्रमांक घेऊन संपलेली असते, आणि 1 क्रमांकाची प्रोसेस गेली की तिथे नवी प्रोसेस जन्माला येऊ शकत नाही.

आतून 'टीटीवाय' दिल्यास जुनेच नाव येते, कारण टर्मिनलांची डिरेक्टरी आपण बदललेली नाही. कंटेनरमध्ये ती वेगळी असते, कारण कर्नलच्या आवृत्ती 4.7 पासून 'डेव्हपीटीएस' चे, म्हणजे '/डेव्ह/पीटीएस' मागच्या फाइलप्रणालीचे, प्रत्येक नवे माउंट (जोडणी) स्वतंत्र क्रमांक देते. म्हणून बाहेरचे टर्मिनल घेऊन आत शिरलेल्या शेलमध्ये टाइप करता येते, पण 'टीटीवाय' सांगते की हे टर्मिनलच नाही. टर्मिनल शाबूत असते. आतल्या यादीत त्याला नाव नसते, एवढेच.

या सगळ्याचा रोजच्या कामातला सर्वांत चांगला उपयोग म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याला तात्पुरत्या फाइलींची स्वतःची '/टीएमपी' डिरेक्टरी देणे. त्यासाठी रूट म्हणून '/टीएमपी-इन्स्ट' ही डिरेक्टरी करून तिची परवानगी 000 ठेवावी. नंतर '/ईटीसी/सिक्युरिटी/नेमस्पेस.कॉन्फ' मध्ये '/टीएमपी', '/टीएमपी-इन्स्ट/', 'युजर' आणि 'रूट' हे चार शब्द एका ओळीत लिहावेत. शेवटचा शब्द सांगतो की रूटला ही व्यवस्था लागू नाही. मग पॅमच्या (लॉगिनची तपासणी व तयारी करणाऱ्या यंत्रणेच्या) एसएसएचडी आणि लॉगिनच्या फाइलींत 'सेशन रिक्वायर्ड पॅम_नेमस्पेस.एसओ' ही ओळ घालावी. हे करताना रूटचे एक लॉगिन दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवावे, कारण या फाइलींत एक चूक झाली की पुन्हा आत येण्याची सोय राहत नाही.

दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करून '/टीएमपी' मध्ये एकाच नावाची फाइल तयार करावी. दोघांना आपापलीच दिसली पाहिजे. मात्र 'एसयू' (खाते बदलण्याची आज्ञा) च्या पॅम फाइलमध्ये ती ओळ नसेल, तर 'एसयू' ने खाते बदलले तरी '/टीएमपी' आधीच्याच माणसाची दिसत राहते: क्रमांक बदलतो, यादी बदलत नाही. ग्राफिकल लॉगिनसाठी ही ओळ विचार करूनच घालावी, कारण खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-इलेव्हन यंत्रणेचे सॉकेट (प्रोग्रॅमनी तिच्याशी बोलण्याची जागा) '/टीएमपी' मध्येच असते आणि ते दिसेनासे झाले की खिडक्या उघडत नाहीत. वापरकर्त्याची शेवटची प्रोसेस संपली की त्याचा नेमस्पेस नाहीसा होतो, पण त्याच्या फाइली '/टीएमपी-इन्स्ट' मध्ये तशाच पडून राहतात. '/टीएमपी' झाडणारी नेहमीची यंत्रणा तिथे फिरकत नाही, म्हणून जुन्या फाइली काढणारे एक क्रॉन काम (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) रूटच्या नावाने लावून ठेवावे.