कुठला जिल्हा रेशनवर जास्त चालतो, हे कसं बघायचं

नुसते कार्डांचे आकडे बघून ठरवू नका, ठाण्यात कार्डं गडचिरोलीपेक्षा जास्त दिसणारच कारण माणसंच जास्त आहेत. आधी महा ई-पॉसच्या, म्हणजे रेशन दुकानांतल्या मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या सरकारी साईटवर जिल्हा निवडून अंत्योदय (सगळ्यात गरीब) आणि प्राधान्य (त्यांच्यानंतरची गरजू) कुटुंबांतली माणसं किती ते बघा आणि त्याला लोकसंख्येने भागा. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेचीच घ्यावी लागते, आणि हो, पालघर २०१४ ला वेगळा झाला त्यामुळे जुन्या ठाण्याच्या आकड्यात तोही धरलेला असतो, इथे हमखास गडबड होते.

मग अंत्योदय वेगळं काढा. तिथे कुटुंबाला ३५ किलो, प्राधान्यात माणशी ५ किलो, म्हणजे अंत्योदय जास्त असेल तर गरिबी जास्त खोल आहे असं समजायला हरकत नाही. पण गाव आणि शहर सरळ एका तराजूत टाकू नका. अन्न सुरक्षा कायद्यानेच देशात गावात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्के लोकांपर्यंतच मर्यादा आहे, शिवाय आपल्याकडे प्राधान्य यादीची उत्पन्न मर्यादा गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार, आता मुंबईत वर्षाला ५९ हजारात कोण जगतं ते सांगा! म्हणजे शहरातला आकडा कमी दिसला तरी गरज कमी आहे असं नाही.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा बघताना अजून एक, तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात, ते धान्याच्या आकड्यात सापडणार नाहीत.