भिंती पाडण्याआधी आठवडाभर रेघा मारा

गोव्यात, फोंड्यातलं आमचं सर्व्हे-नकाशांचं ऑफिस मी सांभाळते. माणसं अठरा. जुन्या घरातून नव्या जागेत आलो तेव्हा मी मधल्या सगळ्या भिंती काढून एकच हॉल केला. वाटलं, माणसं मोकळेपणाने बोलतील. दोन महिन्यांत सगळ्यांच्या कानांत हेडफोन आले आणि शेजारच्या टेबलावरचाही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला लागला.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. हार्वर्डचे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्याआधी आणि नंतर लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजमाप केलं. २०१८ साली ते छापून आलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं, ईमेल वाढले होते. मला त्यात नवल वाटत नाही. अख्खा हॉल ऐकत असताना ‘मला हे समजत नाही’ असं कोण म्हणेल?

म्हणून सुताराला फोन करण्याआधी जागेचा नकाशा कागदावर काढा आणि आठवडाभर, कोण उठून कोणाकडे गेलं त्याची पेन्सिलीने रेघ मारा. सगळ्यांना सांगून करा, नाहीतर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. काय बोलले ते लिहू नका.

आमच्या कागदावर सर्वांत जुन्या ड्राफ्ट्समनकडे, आम्ही त्यांना भाई म्हणतो, एकही रेघ जात नव्हती. त्यांचं टेबल पार मागच्या कोपऱ्यात. त्याच महिन्यात एका नव्या मुलीच्या नजरेतून एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावरचं ‘इतर हक्कां’तलं मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव सुटलं होतं, आणि नकाशा पुन्हा काढावा लागला होता. भाई पेन्सिलीचं मागचं टोक नेमकं त्याच रकान्यावर टेकवतात, मग बाकीचा उतारा वाचतात. ही सवय कुठल्याही फाइलीत लिहिलेली नाही. शेजारी उभं राहिल्याशिवाय ती दिसत नाही.

एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी सत्तरच्या दशकात इंजिनियरांचा अभ्यास करून दाखवलं, की टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं. पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळजवळ थांबतंच. आमचं ऑफिस तेवढं लांब नाही, पण मी नेम धरला दहा पावलांचा. शिकणाऱ्याचं टेबल जाणत्यापासून दहा पावलांत, आणि तेही थोडं तिरकं. अगदी समोरासमोर बसवलं की दोघंही अवघडतात.

आता बसायची जागा. जुन्या घराला बल्कांव, म्हणजे दारापुढचा छपराखालचा ओटा होता, पायऱ्यांच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचे सोपे (कट्टे). संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की सगळे बाहेर यायचे, आणि पाव घेता घेता दिवसभर अडलेलं काम सुटायचं. पावसाळ्यात तर सर उतरेपर्यंत कोणी हलायचंच नाही. नव्या जागेत दाराशी, छत्र्या-हेल्मेट ठेवतो तिथेच, मी समोरासमोर दोन बाकं टाकली. चौघांपुरतीच, जास्त झाले की मीटिंग होते. पाण्याचा फिल्टर आणि चहा तिथेच आणला. मागे छातीइतकं उंच कपाट: बसलेल्याला आडोसा मिळतो, उभ्या माणसाला कोण बसलंय ते दिसतं. साहेबांच्या केबिनच्या काचेतून ही जागा दिसता कामा नये, याबाबत मी हट्ट धरला.

मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरशेजारी कमरेइतकं उंच टेबल हवं, वर चांगला दिवा. ताजा नकाशा तिथे पाच मिनिटं पसरलेला राहिला की येणारा-जाणारा वाकून बघतोच.

आणि दार लावता येईल अशी एक छोटी खोली ठेवाच, नाहीतर आकडेमोड करणारे बोलणाऱ्यांवर वैतागतात.

तीन महिन्यांनी पुन्हा रेघा मारा. आमच्या दुसऱ्या कागदावर भाईंच्या टेबलाभोवती इतक्या रेघा जमल्या, की सकाळचे दोन तास ती खोली त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागली.